कंबर धरत असेल तर कुठला घोडा घ्यावा?

प्रश्न: माझी पन्नाशी उलटलीय, रायडिंग स्कूलमध्ये शिकतेय. घोडा दुडक्या चालीवर आला की पाठीचे पार बारा वाजतात. सगळे म्हणतात गेटेड, म्हणजे उपजतच मऊ चालीच्या जातीचा घे, त्यावर बसलं की हातातलं पाणीसुद्धा सांडत नाही. शर्यत, शो वगैरे काही नको, निवांत फिरायचंय फक्त. पासो फिनो, आइसलँडिक की टेनेसी वॉकर? माझं वजन 78 किलो.

उत्तर: पाण्याचं म्हणतात ते खरंय हो, पण तो घोडा नीट चालणारा असेल तर. दुडकीत पाय तिरक्या जोडीने पडतात, पुढचा उजवा आणि मागचा डावा एकदम, मग उरलेली जोडी, आणि मधे क्षणभर चारही पाय हवेत असतात, ते खाली आले की दणका थेट तुमच्या कमरेला. गेटेड जातींत चारही खूर एकेक करून पडतात, एखादा तरी कायम जमिनीवर, म्हणून उसळीच नाही. आपल्या मारवाडी-काठियावाडीची रेवाल चाल याच घराण्यातली. आणि हे रक्तातच असतं, 2012 मध्ये डीएमआरटी-3 नावाच्या जीनमधला बदल सापडला तो याच्याशीच जोडलेला आहे. पण जातीचा कागद आहे म्हणून चाल मिळेलच असं नाही, वाईट रायडिंगने चाल बिघडते आणि घोडा एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकायला लागतो, मग वर बसलेला माणूस डावीकडे-उजवीकडे डुलत राहतो, कंबर त्यानेही जातेच.

म्हणून आधी मालकाला घोड्यावर बसायला सांगा, कडक रस्त्यावर चालवायला लावा आणि डोळे मिटून टापा ऐका. सुट्या, एकसारख्या चार टापा आल्या तर ठीक, दोन-दोन चिकटून आल्या तर पुढचा घोडा बघा. पासो फिनोच्या स्पर्धेत लाकडी फळ्यांवरून घोडा चालवतात ना, ते यासाठीच, परीक्षक कानाने ऐकतात.

आता तुमचं बोलू. पासो फिनो मी तरी तुम्हाला इतक्यात घ्या म्हणणार नाही, चाल मऊ पण अंगात पाणी फार, लगामाला जरा हात लागला की निघाला. आइसलँडिक दमदार असतो, त्याच्या देशात मोठी माणसं सर्रास बसतात, पण तो साधारण 330 ते 380 किलोचा आणि तुम्ही खोगिरासकट 90 च्या आसपास. वजन घोड्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असलेलं बरं, म्हणजे तुम्हाला 450 किलोचा तरी हवा. तिथे टेनेसी वॉकर किंवा मिसुरी फॉक्स ट्रॉटर बसतो. टेनेसीचा मागचा खूर पुढच्याच्या ठशाच्याही पुढे पडतो आणि मान लयीत हलते, बघायलाच मजा येते. मात्र शोमधून आलेला असेल तर पुढच्या पायांना खुराच्या जरा वर हात फिरवून बघा, व्रण असले किंवा हात लावताच पाय ओढून घेतला तर सोडून द्या. पाय उंच उचलावेत म्हणून तिथे केमिकल लावून दुखवायचे प्रकार होतात, अमेरिकेत 1970 च्या कायद्याने बंदी असूनही. रॉकी माउंटन जातीचा घोडा कोणी दाखवला आणि तो चॉकलेटी अंग, पांढुरकी आयाळ असला तर भुलू नका, त्या रंगाच्या जीनबरोबर डोळ्यांचे दोष येतात, डॉक्टरकडून डोळे तपासूनच घ्या. पेरूव्हियन पासो पुढचे पाय बाहेर फेकतो तो दोष नाही, पण मागचे सांधे खाली बसलेत का ते बघा, त्या जातीत लिगामेंटचा आजार आढळतो.

वय दहा-पंधरा असू दे. पोरवयाचा घोडा आणि नवखा स्वार ही जोडी मला कधीच पटलेली नाही.

प्रश्न: गेटेड घोडा घेतलाय, पण बसणं फक्त शनिवार-रविवारीच होतं. एकटाच ठेवला तर चालेल का? नाल वेगळी लागते का?

उत्तर: एकटा नको. कळपातला प्राणी आहे, दुसरा घोडा नाही जमला तर निदान गाढव तरी सोबतीला ठेवा. फिरायलाच वापरताय तर नाल साधीच, जड नाल ठोकून चाल सुधारायच्या भानगडीत पडू नका, दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद येऊन खूर कापून गेला की झालं. खरी काळजी खाण्याची, यातल्या कित्येक जाती थोड्या खाण्यावरही अंगाने सुटतात आणि मग लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आत दुखरी सूज होते. दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के वैरण पुरे, काम नसलेल्या दिवशी धान्य बंद. मानेवर आयाळीखाली चरबीची कडक वळी हाताला लागली तर डॉक्टरला लगेच बोलवा, लंगडायची वाट बघू नका.