वाचकांचे प्रश्न : खून आणि महायुद्ध यांमधले ३७ दिवस

प्रश्न : पहिल्या महायुद्धाची दीर्घकालीन कारणे आणि साराजेव्होतील खून हे तात्कालिक कारण, अशी विभागणी आमच्या पाठ्यपुस्तकात आहे. पण एका युवराजाच्या खुनामुळे अर्धे जग युद्धात कसे ओढले गेले? – अकरावीतील विद्यार्थिनी

उत्तर : या दोन कारणांमधली मोकळी जागा तुम्ही अचूक हेरली आहे, आणि खरे उत्तर तिथेच आहे. २८ जून १९१४ रोजी बोस्नियातील साराजेव्हो येथे ऑस्ट्रिया-हंगेरीचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड सकाळच्या बॉम्बहल्ल्यातून बचावले होते. पुढे त्यांच्या चालकाने मोटार चुकीच्या वळणावर घातली, ती थांबली नेमकी गॅव्हरिलो प्रिन्सिप या १९ वर्षांच्या बोस्नियन सर्ब तरुणासमोर, आणि युवराज व त्यांची पत्नी सोफी यांचा बळी गेला. हा योगायोग सर्वांच्या लक्षात राहतो. ब्रिटन मात्र युद्धात उतरले ४ ऑगस्टला, आणि मधल्या ३७ दिवसांत जे घडले ते माणसांनी विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयांमुळे.

ऑस्ट्रियाने १९०८ मध्ये बोस्निया खालसा केल्यापासून सर्बियाशी वैर धुमसत होतेच. खुनाचे निमित्त करून सर्बियाचा कायमचा बंदोबस्त करायचा, तर त्याचा पाठीराखा रशिया गप्प बसणार नाही, हे ओळखून व्हिएन्नाने, म्हणजे ऑस्ट्रियाच्या सरकारने, आधी जर्मनीला विचारले, आणि जर्मनीने बिनशर्त पाठिंबा दिला. माझ्या मते सर्वांत घातक चूक हीच. ऑस्ट्रियाने सर्बियाला पाठवलेल्या २३ जुलैच्या निर्वाणीच्या खलित्याला ४८ तासांची मुदत होती. सर्बियाने बहुतेक मागण्या मान्य केल्या, आपल्या भूमीवरील तपासात ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांचा सहभाग तेवढा नाकारला. ते उत्तर वाचून खुद्द जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मने युद्धाचे कारण उरले नाही, असा शेरा लिहिला. त्याच दिवशी, २८ जुलैला, ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले.

३० जुलैला रशियाने सार्वत्रिक लष्करी जमवाजमवीचा आदेश काढला. जर्मनीची योजना आधी बेल्जियममार्गे रशियाचा मित्र असलेल्या फ्रान्सला झटपट नमवून मग रशियाकडे वळण्याची असल्यामुळे तिला एकेक दिवस मोलाचा होता. १ ऑगस्टला कैसरने सारे सैन्य पूर्वेकडे वळवायला सांगितले, तेव्हा सेनाप्रमुख मोल्टके यांनी ते अशक्य ठरवले, कारण लाखो सैनिक नेणाऱ्या आगगाड्यांचे वेळापत्रक आधीच आखलेले होते. पुस्तकातल्या 'लष्करवाद' या शब्दाचा अर्थ इथे नीट कळतो. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या करारात ब्रिटननेही दिली होती, त्यामुळे जर्मन फौजा तिथे शिरताच ब्रिटन युद्धात आले, आणि त्याच्यामागून, कोणीही न विचारता, हिंदुस्थानही. नोव्हेंबरात तर मराठा पलटणीचे जवान आजच्या इराकमधील बसऱ्याच्या वाटेवर लढत होते.