मोडेमचं सेटिंग लाईट गेली की का पुसलं जातं? साठवलेला नंबर कसा डायल करायचा?

तुमचं म्हणणं असं की, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यातून मोडेमने रोज पुण्याच्या ऑफिसला फोन लावायचा असतो, मोडेम ईपीएबीएक्सच्या (कारखान्याच्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजच्या) एक्स्टेन्शनवर आहे, आणि लाईट गेली की सगळं सेटिंग पुन्हा करावं लागतं.

कमांड देऊन केलेला बदल फक्त चालू मेमरीत राहतो. एटी&डब्ल्यू० दिल्याशिवाय तो पक्का होत नाही. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना रोमन अक्षरं वापरा. एटी ही दोन्ही अक्षरं मोठी किंवा दोन्ही लहान हवीत, मिसळ चालत नाही.)

कॉम्प्युटरवर पुटी किंवा टेरा टर्म (मोडेमला कमांड टाइप करून पाठवायची सॉफ्टवेअरं) यात मोडेम जोडलेला कॉम पोर्ट उघडून एटी टाइप करा. ओके आलं नाही तर केबल, पोर्ट नंबर किंवा स्पीड चुकलाय. ओके आलं की आधी एटी&एफ, म्हणजे जुना गोंधळ जाईल. मग एटीएक्स३, कारण ईपीएबीएक्सचा टोन बऱ्याच मोडेमना ओळखता येत नाही आणि ते नो डायलटोन म्हणून थांबतात. एक्स३ ने टोनची वाट न पाहता नंबर फिरतो. समोरचा मोडेम उशिरा उचलत असेल तर एटीएस७=९०, म्हणजे ९० सेकंद वाट पाहील. हे कमी असेल तर पलीकडे नीट उचललं तरी नो कॅरियर (जोडणी झाली नाही) येतं. एटी&व्ही ने यादी बघा, मगच एटी&डब्ल्यू०. त्यानंतर एटी&वाय०, म्हणजे चालू होताना हेच प्रोफाइल (साठवलेल्या सेटिंगचा संच) उचललं जाईल. शेवटी मोडेमचा अ‍ॅडॅप्टर काढून १० सेकंदांनी लावा आणि पुन्हा एटी&व्ही बघा. ही तपासणी टाळू नका.

नंबरासाठी: एटी&झेड०=टी०,,०२० आणि लगेच पुण्याचा आठ आकडी नंबर. पहिला शून्य बाहेरची लाईन घेतो, प्रत्येक स्वल्पविरामाला साधारण २ सेकंद थांबा मिळतो. ही कमांड ओळीत शेवटची ठेवा, कारण = नंतरचं सगळं नंबर म्हणूनच साठतं. याला वेगळं &डब्ल्यू लागत नाही. डायल करायला एटीडीएस=०. यूएस रोबोटिक्सच्या मोडेमवर = न लावता एटीडीएस०, एटी&वाय० ऐवजी एटीवाय०, आणि &व्ही ऐवजी एटीआय४ (चालू सेटिंग) व एटीआय५ (साठवलेलं).

एवढं करूनही सेटिंग उडत असेल तर दोष बहुधा मोडेमचा नसतो. डायल करणारं सॉफ्टवेअर सुरुवातीलाच &एफ पाठवतं आणि तुमचं प्रोफाइल बाजूला पडतं. त्याच्या मोडेम इनिशियलायझेशनच्या रकान्यातलं &एफ काढून तिथे एटीझेड लिहा.