सिद्ध करता आलं नाही, म्हणून सोडून द्यायचं का?

पत्र, थोडक्यात: मी मिरजेची, सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमचं घर ख्रिस्ती, पणजोबांपासून. वर्गातला मित्र म्हणाला, "देव आहे हे सिद्ध कर." मला जमलं नाही. "माणसाची बुद्धी अपुरी आहे" म्हटलं, तर म्हणाला, "मग त्या नावाखाली काहीही खपेल." तेव्हापासून उपासनेत बसलं की ढोंग केल्यासारखं वाटतं. दोन महिने चर्चला गेले नाही. आजी काही बोलत नाही, पण शनिवारी रात्री माझा ड्रेस इस्त्री करून ठेवते. काय करू?

उत्तर:

तुझ्या मित्राचं शेवटचं वाक्य बरोबर आहे. बुद्धीला मर्यादा आहेत एवढ्यावरून ख्रिस्त खरा ठरत नाही. त्या आडोशाला कुणीही आपला कुठलाही दावा लपवू शकतो. हे त्याला उघडपणे सांगून टाक. निम्मा वाद तिथेच निवळेल.

मग त्याची मागणी तपास. "सिद्ध कर" म्हणजे कसं? गणितात करतात तसं, प्रयोगशाळेत करतात तसं, की कोर्टात साक्षीपुराव्यावर करतात तसं? या तिन्हींची मापं वेगळी आहेत. "विज्ञानाने सिद्ध होईल तेवढंच मानायचं" असं त्याचं म्हणणं असेल, तर हा नियम कोणत्या प्रयोगातून निघाला ते शांतपणे विचार. तो कुठल्याच प्रयोगातून निघालेला नाही. डेव्हिड ह्यूम हा तत्त्वज्ञ काही धर्माचा कैवारी नव्हता. पण आजवर घडलं तसंच उद्या घडेल, हे अनुभवाने सिद्ध करायला गेलं की तेच आधी गृहीत धरावं लागतं, हे त्यानेच 18व्या शतकात दाखवून दिलं. आयर्विन पुलावर पाय ठेवताना तुम्ही दोघंही ते गृहीत धरता, आणि त्यात वेडेपणा काही नाही.

इथे थांबायला मात्र हवं. यातून एवढंच कळतं की सिद्ध न करता काही गोष्टी मानणं बुद्धीला धरून असू शकतं. ख्रिस्ताबद्दल अजून काहीच कळलेलं नाही. पास्कल हा गणितज्ञ म्हणतो की आपल्यापलीकडे अनंत गोष्टी आहेत हे ओळखणं, ही बुद्धीची शेवटची पायरी. शेवटची! तिथपर्यंत चालत जावं लागतं, पहिल्याच पायरीवर बसून ते वाक्य म्हणायचं नसतं. तुझं तिथेच चुकलं.

तू इंजिनिअरिंगची आहेस, म्हणून आणखी एक सांगते. गोडेल या तर्कशास्त्रज्ञाच्या 1931च्या प्रमेयाने देव सिद्ध होतो असं कुणी सांगितलं तर ते वापरू नकोस. ते प्रमेय अंकगणित मांडता येईल अशा आकारिक पद्धतींबद्दल, म्हणजे ठरलेल्या गृहीतकांवर आणि नियमांवर चालणाऱ्या गणिती चौकटींबद्दल आहे, देवाबद्दल नाही.

"तर्कापलीकडचं" आणि "तर्काविरुद्धचं" यांत गल्लत करू नकोस. 13व्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने हा भेद नीट मांडला: देव आहे इथवर बुद्धी पोचू शकते, त्रैक्यापर्यंत, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव इथवर, ती स्वतःच्या बळावर पोचत नाही, मात्र त्रैक्यावरचे आक्षेप तिने तपासावेत. "तीन देव म्हणजे एक देव" हे तर्काविरुद्ध झालं असतं. मंडळी, म्हणजे चर्च, म्हणते ते "एक तत्त्व, तीन व्यक्ती". ते पूर्ण आकळत नाही, पण त्यात विसंगतीही नाही. पाणी, बर्फ, वाफ हा शब्बाथ शाळेतला दाखला मित्राला देऊ नकोस. एकच देव वेळेनुसार तीन रूपं घेतो, असा त्याचा अर्थ होतो, आणि ते मत मंडळीने तिसऱ्या शतकातच नाकारलं आहे.

मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना पाहिली असशील. घोडी किंचित घासायची, तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, आणि एका क्षणी स्वर खुलतो. कुठे थांबायचं हे कारागिराला कळतं, पण ते सूत्रात मांडता येत नाही. तरी ते मनमानी नसतं. दुसरा जाणता कान ते तपासू शकतो. प्रार्थनेतून येणारी जाण मला या जातीची वाटते: सूत्राबाहेरची, पण चुकू शकणारी, म्हणून मंडळीत बसून ताडून पाहण्याची.

शिवाय ख्रिस्ती विश्वास नुसत्या अनुभवावर उभा नाही, तो एका घटनेवर, ख्रिस्त मेलेल्यांतून उठला यावर, उभा आहे. आपल्या न्यायदर्शनात शब्द, म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं, हे प्रमाण मानलं आहे, पण सांगणारा आप्त हवा: त्याला ठाऊक असावं आणि त्याला खरं सांगायचं असावं. याच कसोटीवर बायबलातलं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 15 वाच. प्रेषित पौलाने ते इ.स. 55च्या सुमारास, वधस्तंभानंतर जेमतेम 25 वर्षांत लिहिलं. पुनरुत्थित ख्रिस्त पाचशेहून अधिक जणांना दिसला आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत, असं तो सांगतो. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ, असंही तोच लिहितो. विश्वास खोटा कशाने ठरेल हे त्याने स्वतःच सांगून ठेवलंय, ही गोष्ट मित्राला जरूर दाखव. इतिहास तुला इथवर आणेल की शिष्यांचा यावर खरोखर विश्वास होता. पुढचं पाऊल कसं पडेल, ते देव शक्य आहे असं तू मानतेस की नाही यावर ठरेल. तिथे तुमचं जमलं नाही तर नाही जमलं, मैत्री टिकव. निरपराधांच्या दुःखाबद्दल त्याने विचारलं, तर झटपट उत्तर देऊ नकोस. बायबलातल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर बरे होते, बोलायला लागले आणि चुकले.

आता आजी. तिच्याशी वाद नको, आणि "माझं सगळं ठीक आहे" असं खोटंही नको. "आजी, मला शंका आहेत, पण मी तुझ्याशेजारी येऊन बसते," एवढं सांग. ते ढोंग नाही. येशू उठला यावर विश्वास न बसलेला त्याचा शिष्य थोमा आठ दिवस शंका घेऊनच बाकीच्या शिष्यांबरोबर राहिला, त्याला कुणी घालवलं नाही. जे गीत मनापासून म्हणता येत नाही ते म्हणू नकोस, नुसती ऐक. प्रभुभोजन घ्यायचं की थांबायचं, हे त्याआधीच पाळकसाहेबांशी एकटीने बोलून ठरव. रोज रात्री मार्काच्या शुभवर्तमानाचा एक अध्याय वाच. सोळाच आहेत, एकेकाला दहा मिनिटं पुरतात. अडेल ते वहीत लिही. नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप भेटेल. माझा विश्वास आहे म्हणतो आणि त्याच दमात अविश्वास घालवायला मदत मागतो. येशू त्याला परत पाठवत नाही.

आणि येत्या शनिवारी तो ड्रेस तू स्वतः इस्त्री कर. आजीची साडीही कर.