फाइल किडे-मुंग्यांनी भरलीय, आता काय?

प्रश्न : माझ्या कवितांची एक साधी टेक्स्ट फाइल आहे, ती नव्या लॅपटॉपवर दुसऱ्या एडिटरमध्ये उघडली तर मराठीच्या जागी नुसते किडे-मुंग्या दिसतायत. चार फॉन्ट बदलून बघितले, ढिम्म फरक नाही. आणखी एका कॉपीत तर सगळी प्रश्नचिन्हंच आहेत. कविता गेल्या का?

उत्तर : त्या किडेवाल्या फाइलवर सेव्ह दाबलंय का? नसेल तर दाबू नका, आहे तशी बंद करा, एक कॉपी बाजूला काढा आणि मग पुढचं वाचा.

फॉन्टच्या मागे लागू नका. फॉन्ट नसला की चौकोनी डबे दिसतात. किडे दिसतायत म्हणजे फाइल बहुतेक धडधाकट आहे, एडिटर ती भलत्याच तक्त्याने (म्हणजे कुठल्या बाइटचं कुठलं अक्षर ह्या यादीने, हिलाच एन्कोडिंग म्हणतात) वाचतोय इतकंच. एकटा 'म' घ्या. यूटीएफ-८ ह्या आजच्या नेहमीच्या तक्त्यात त्याचे तीन बाइट होतात, त्यांचे कोड ई०, ए४ आणि एई. हेच बाइट एडिटरने विंडोज-१२५२ ह्या पश्चिम युरोपीय भाषांच्या जुन्या तक्त्याने वाचले तर तिथे एका बाइटला एक अक्षर असा हिशोब, मग एका 'म'ची तीन चिन्हं होतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, चार शिंगं फुटलेलं वर्तुळ आणि गोलातला आर. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, ई० नेच सुरू होतं, त्यामुळे तो रेघवाला ए दर दोन चिन्हांनंतर परत परत दिसत असेल तर निश्चिंत व्हा, कविता आत आहेत.

व्हीएस कोड हा एडिटर असेल तर खाली उजव्या कोपऱ्यात एन्कोडिंगचं नाव असतं, त्यावर क्लिक करा आणि 'रीओपन विथ एन्कोडिंग' मधून यूटीएफ-८ निवडा. तिथेच 'सेव्ह विथ एन्कोडिंग' पण असतं आणि घाईत लोक नेमकं तेच दाबतात. पहिलं फक्त वाचायची पद्धत बदलतं, दुसरं फाइलमधले बाइटच बदलून टाकतं.

(नुसती साधी रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं दिसत असतील तर फाइल युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या सामाईक कोडच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असणार. तिथे एन्कोडिंग बदलून काही होत नाही, त्या फॉन्टचा कन्व्हर्टर शोधावा लागतो.)

प्रश्नचिन्हांच्या कॉपीचं मात्र वाईट वाटतं. ती कधीतरी एएनएसआय म्हणजे विंडोजच्या जुन्या तक्त्याने सेव्ह झालीय, त्या तक्त्यात 'म'ला जागाच नाही, म्हणून प्रोग्रामने प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहून टाकलं. नोटपॅड २०१९ पासून आपणहून यूटीएफ-८ वापरतं, त्याआधी एएनएसआय होतं, ते असं करताना इशारा द्यायचं पण आपण ओके दाबून मोकळे. ती कॉपी सोडून द्या.

प्रश्न : सीएसव्ही फाइल नोटपॅडमध्ये नीट दिसते, एक्सेलमध्ये डबल-क्लिक केली की किडे. का?

उत्तर : फाइल यूटीएफ-८ आहे हे एक्सेलला कळत नाही. नोटपॅडमध्ये 'सेव्ह ॲज' करून 'यूटीएफ-८ विथ बॉम' निवडा. फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची खूण बसते, ती बघून एक्सेल सुधारतं. हीच खूण स्क्रिप्टच्या फाइलींत मात्र घालू नका, पहिल्याच ओळीला एरर येऊ शकते आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही.

प्रश्न : फाइलमध्ये 'वाऱ्यावर' हा शब्द समोर दिसतोय तरी सर्चला सापडत नाही. एडिटर बिघडलाय का?

उत्तर : नाही हो, तो 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ, हलन्त आणि य, दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं कॅरेक्टर आणि य. दिसायला दोन्ही सारखे, पण एडिटर कोड जुळवतो आणि ते वेगळे. फाइलमधूनच तो शब्द कॉपी करून सर्चमध्ये टाका, लगेच सापडेल. मग फाइंड-रिप्लेसने सगळीकडे एकच पद्धत करून घ्या. फक्त 'अदृश्य कॅरेक्टर काढा' असलं बटण दाबू नका, त्यात झेडडब्ल्यूजे उडतं आणि 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' होऊन बसतं.