गिटारवर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक येतो, पण पाचव्याचा येतच नाही. कसं शिकावं?

तुम्ही लिहिलंय की हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर, बाराव्या फ्रेटवर छान निघतो, सातव्यावर कधीमधी, आणि पाचव्यावर नुसता ‘थड’ असा मुका आवाज येतो. म्हणजे बोट हलकं टेकवणं तुम्हाला जमलंय. मला शंका येते ती उजव्या हाताची. तुम्ही तार बहुधा साऊंडहोलच्या (गिटारच्या पोटावरच्या गोल भोकाच्या) मधोमध छेडताय.

पाचव्या फ्रेटवर बोट टेकवलं की तार चार सारख्या भागांत थरथरते आणि त्या भागांच्या सीमांवर जवळजवळ स्थिर राहते. अशा जागा तीन: पाचवा फ्रेट, बारावा फ्रेट आणि ब्रिजपासून (गिटारच्या पोटावर तारा जिथे टेकतात त्या पट्टीपासून) पाव लांबीवरचा बिंदू. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेवर हा बिंदू ब्रिजपासून साधारण १६ सेंटीमीटरवर, म्हणजे साऊंडहोलवरच येतो. जिथे तार हलायलाच नको तिथेच तुम्ही ती हलवताय, मग तो स्वर उठणार कसा? हात ब्रिजकडे न्या, ८ सेंटीमीटरच्या आसपास छेडा. फरक त्याच क्षणी कळेल. सातव्या फ्रेटचंही तसंच आहे. त्याचा दुसरा स्थिर बिंदू साऊंडहोलच्या मानेकडच्या कडेजवळ असतो.

डावं बोट दोन फ्रेटच्या मध्ये नको, फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर हवं. बाराव्यावर थोडं इकडेतिकडे झालं तरी चालून जातं, पाचव्यावर नाही. छेडल्याबरोबर बोट उचला. तारा जुन्या, गंजलेल्या असतील तर आधी बदला. मेलेल्या तारेतून वरचे स्वर नीट निघत नाहीत.

सरावासाठी मला एक गोष्ट फार आवडते. सहाव्या तारेवर बोट टेकवून बाराव्यापासून हळूहळू नटकडे (खुंट्यांजवळ तारा जिथे टेकतात त्या पट्टीकडे) सरकवत जा आणि उजव्या हाताने ब्रिजजवळ सतत छेडत राहा. सातव्यावर, पाचव्यावर स्वर लखकन उजळतील. चौथ्या फ्रेटच्या पट्टीच्या किंचित अलीकडे, नटच्या बाजूला, आणखी एक गोड स्वर सापडेल. ट्यूनर लावलात तर तो जी शार्पपेक्षा साधारण १४ सेंट (सेंट म्हणजे एका फ्रेटच्या अंतराचा शंभरावा भाग) उतरलेला दिसेल. घाबरू नका, गिटार बेसूर नाही. तानपुऱ्याची जवारी (तारेला गुंजन देणारी घोडीवरची जुळणी) नीट लागली की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच हा. फ्रेटवर दाबून वाजवलेला गंधार याच्यापेक्षा चढा असतो. दोन्ही एकापाठोपाठ वाजवून बघाच, कान तयार व्हायला याच्याइतका चांगला धडा मला माहीत नाही.

हार्मोनिक्स स्पष्ट यायला लागले की ट्यूनिंगला वापरा. सहाव्या तारेचा पाचव्या फ्रेटवरचा आणि पाचव्या तारेचा सातव्यावरचा हार्मोनिक एकत्र वाजू द्या. आवाज हेलकावे घेत असेल तर ते थांबेपर्यंत खुंटी फिरवा. पाचवी-चौथी, चौथी-तिसरी या जोड्यांनाही हेच. तिसरी-दुसरी जोडी मात्र अशी जुळत नाही; दुसरी तार मोकळी वाजवून सहाव्या तारेच्या सातव्या फ्रेटवरच्या हार्मोनिकशी मिळवा. सातव्यावरचा हार्मोनिक फ्रेटच्या हिशेबापेक्षा २ सेंट चढा असतो आणि एकावरून दुसरी तार लावत गेलं की ही चूक साठत जाते, म्हणून शेवटी सगळ्या मोकळ्या तारा एकदा ट्यूनरवर तपासून घ्या.