चार लाख मिळतायत तर गणिताच्या शिक्षकावर घाला

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जिल्हा परिषदेची आठवीपर्यंतची शाळा, पट नव्वदच्या आसपास. एक कंपनी सीएसआरमधून (सामाजिक कामासाठीच्या निधीतून) चार लाख द्यायला तयार आहे आणि शाळा व्यवस्थापन समितीत दोन तट पडलेत: इंटरॅक्टिव्ह पॅनेल (स्पर्शाने चालणारा मोठा डिजिटल फळा) की संरक्षक भिंत? आणि गावची मुलं दहावीला 80 टक्के घेऊन अकरावी सायन्सला का आपटतात?

माझं मत, दोन्ही नको. (शाळा हायवेला लागून असेल तर मात्र भिंत आधी, त्यात वाद नाही.)

आधी त्या 80 टक्क्यांचं बघू. दहावीच्या गणितात लेखी 80 आणि अंतर्गत 20. अंतर्गत गुण द्यायला सहसा कुणी हात आखडत नाही. शिवाय बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये, म्हणजे सर्वाधिक गुणांचे पाचच विषय धरताना, सगळ्यात कच्चा विषय टक्केवारीतून गळून जातो. मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवत आलोय. मुलांना साइन-कोसाइन दोन आठवड्यांत येतात, सूत्रातला अपूर्णांक इकडचा तिकडे नेताना गाडी अडते. तो सहावी-सातवीचा भाग आहे. शाळकरी मुलांना काय येतं याची पाहणी करणाऱ्या 'असर'ने 2023 साली ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलांची पाहणी केली, देशातल्या 28 जिल्ह्यांत. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं जेमतेम 43 टक्क्यांना जमलं. जवळपास 87 टक्के मुलं शाळा-कॉलेजच्या पटावर असताना ही गत!

मग सहावी ते आठवीकडे पैसा का जात नाही? शिक्षण हक्क कायद्यानुसार या वर्गांना विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्रं यांना किमान एकेक शिक्षक हवा. पद रिक्त राहिलं की मराठीचे गुरुजी गणितही उरकतात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून तुमच्या पटाला वर्षाला फार तर 25,000 रुपये अनुदान, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेला. उरलेल्यात वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती. ग्रामपंचायतीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 60 टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेल्या अबंधित निधीतून पगार देता येत नव्हता. थोडक्यात, भिंतीला, फरशीला, नळाला पैसा निघतो, शिकवणाऱ्या माणसाला निघत नाही. म्हणून बंधन नसलेली देणगी हाती येतेय तर ती माणसावरच घालावी. शौचालय आणि पाण्याचं काम ग्रामसभेत आराखड्यात घालून घ्या, त्यासाठी हे चार लाख मोडू नका.

हिशोब असा. 2023 पासून प्राथमिक शिक्षणसेवकाला महिना 16,000 मानधन आहे. तुम्ही गावातल्याच एखाद्या बीएस्सी झालेल्या मुलीला रोज अर्धा दिवस बोलवा, महिना 12,000 द्या. दहा महिन्यांचे 1,20,000, तीन वर्षांचे 3,60,000. राहिलेल्या 40,000 मध्ये वाचनाची पुस्तकं आणि प्रयोगाचं साधं सामान. समितीचा ठराव करा, गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा. आणि तिला ऑनलाइन माहिती भरायला किंवा पोषण आहाराच्या नोंदींना अजिबात बसवू नका, नाहीतर दिवाळीपर्यंत ती शाळेची क्लार्क झालेली असेल.

जूनमध्ये भागाकार आणि अपूर्णांकांची साधी चाचणी घ्या, तीच परत मार्चमध्ये. आठवीला विज्ञानाचा एखादा धडा बालभारतीच्या इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकातूनही वाचून घ्या. पीडीएफ फुकट मिळते. अकरावीत सगळं एकदम इंग्रजीत आलं की मराठी माध्यमाचं हुशार पोरही पहिले तीन महिने गप्प बसतं.

पॅनेलशी माझं वैर नाही. पण विषयाचा शिक्षक नसलेल्या वर्गात त्यावर शेवटी व्हिडिओच लागतात.

खरी अडचण कंपनीकडून येईल. त्यांना पाटी लावता येईल असं काहीतरी हवं असतं. पाटी वर्गावर लावू द्या, पण पत्रात 'अध्यापन साहाय्य, तीन वर्षे' असं स्पष्ट लिहून घ्या आणि दर वर्षीचा हप्ता जूनच्या आत मिळेल हेही त्यातच घाला.