गावच्या जिल्हा परिषद शाळेत १७ च मुलं आहेत. मुलीला तिथे घालावं का?

तुम्ही विचारलंय की पट १७ आहे, मुलीला पहिलीत घालू का, आणि एवढ्याशा पोरांवर सरकारने पैसा घालणं ही नासाडी नाही का. 'नासाडी' शब्द वाचला आणि राहवलं नाही. माझा सख्खा धाकटा भाऊ दर दिवाळीला हाच शब्द वापरतो. मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या वस्त्यांवर २६ वर्षं शिकवलं, त्यातली बहुतेक द्विशिक्षकी शाळेत.

पैशाचं आधी सांगते. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतून शाळेला वर्षाचं जे अनुदान येतं ते पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, त्याच्या वर १०० पर्यंत २५,०००. आमच्या वस्तीवरची दोन घरं कायमची पुण्याला गेली आणि पट ३२ चा २९ झाला. तीन पोरं कमी झाली आणि १५,००० रुपये गेले. पत्रे तेवढेच गळतात, लाइट बिल तेवढंच येतं, संडास तेवढेच धुवावे लागतात. त्यात हे पैसे कित्येक वर्षं आमच्या हातात पडले ते मार्च तोंडावर आल्यावर, ३१ मार्चच्या आत खर्ची टाका म्हणून. मधल्या काळात वीज तोडली गेली तर बिल बाईंनी पदरचं भरायचं. मी दोनदा भरलंय. लोकवर्गणीतून आणलेला टीव्ही त्या दिवसांत चादरीखाली झाकलेला असायचा.

भाऊ म्हणतो, "ताई, अनुदान सोड, तुमचे पगार धर." तो दोन शिक्षकांच्या पगाराला १४ ने, म्हणजे माझ्या शाळेच्या नंतरच्या पटाने, भागतो आणि आकडा माझ्यापुढे ठेवतो. भागाकार बरोबर आहे. पण त्यात अंतर कुठे धरलंय? शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. पावसाळ्यात सहा वर्षांच्या पोरीला ओढा ओलांडून कोण पाठवतं? शाळा लांब गेली की आधी पोरी घरी बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. २०२३ मध्ये समूह शाळांचा, म्हणजे लहान शाळा एकत्र करण्याचा, विषय निघाला तेव्हा २० पेक्षा कमी पटाच्या सुमारे १४,८०० शाळा मोजल्या गेल्या, त्यांत पावणेदोन लाखांवर मुलं होती. भाऊ स्वतः चौथीपर्यंत असल्याच शाळेत शिकला.

आता निकालाचं. एका शिक्षण परिषदेत मला चाळीसेक शिक्षकांसमोर उभं केलं गेलं. "बाई, तिसरीचं वाचन ६६ टक्क्यांवरून ३३ वर कसं आलं?" माझ्या तिसरीत तीन मुलं होती. तिघांतली दोघं धडा वाचायची. त्यातली एक पोरगी दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली. अशा पोरांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाची मंजुरी येईपर्यंत कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, निघून गेले होते आणि घरी सांभाळायला आजी उरली नव्हती. पोरगी पटावर होती, चाचणीला नव्हती. हे मी तिथे बोलू शकले नाही, घसा दाटून आला. म्हणून आज लिहिते. तीन पोरांच्या वर्गाची टक्केवारी काढून शाळा नापास ठरवू नका.

ती एप्रिलमध्ये परत आली. जोडाक्षराला अडखळायची, पाढे विसरलेली. पण वहीच्या मागच्या पानांवर तिने रोज बांधलेल्या मोळ्या लिहून ठेवल्या होत्या आणि खाली बापाने मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीतून किती फिटली त्याची वजाबाकी. हातच्याची वजाबाकी, जी तिला ऑक्टोबरमध्ये येत नव्हती. अंक पेन्सिलीने बारीक, वर हातचा मांडलेला, उत्तर बरोबर. त्या पानावरून मी तिला पुन्हा सुरुवात करून दिली. एप्रिलभर आणि पुढे अख्खी चौथी, रोज खिचडीनंतर अर्धा तास ती आणि मी. पट १४ होता म्हणून जमलं. चाळीसच्या वर्गात मला हे करता आलं नसतं, कुणालाच येत नाही. दिवाळीपर्यंत ती पाचवीच्या पोरांना वाचून दाखवायची.

तेव्हा घाला मुलीला.

मात्र शाळेत एकच शिक्षक असेल, तोच प्रभारी मुख्याध्यापक असेल आणि ऑनलाइन माहिती, बीएलओची म्हणजे मतदार यादीची कामं, केंद्रावरच्या बैठका यांत त्याचे दिवस जात असतील, तर पट १७ असो की ७०, मूल शिकत नाही. तिथे मीही माझ्या नातीला घालणार नाही. शिवाय पहिलीत तुमची मुलगी एकटीच असेल तर सोबतीचा प्रश्न खरा आहे, तो मी नाकारत नाही. आसपासच्या दोन घरांशी बोला, दोघी-तिघी मिळून घाला.

नाव घालण्याआधी एखाद्या मंगळवारी, न सांगता, खिचडी झाल्यावर दुपारी शाळेत जा. बदलीत कुणाचा नंबर आहे ते विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हणून नाव द्या, तिथल्या जागांपैकी ७५ टक्के पालकांच्याच असतात आणि बहुतेक जण नुसत्या सह्या करतात. तुम्ही अनुदानाचा हिशेब मागा. दुपारी बाई किंवा गुरुजी पोरांत बसलेले दिसले तर नाव तिथेच घालून टाका. शिक्षकांची पदं ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतात, त्याआधी नाव लागलं पाहिजे.